दयेच्या आधी अपैशुन



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६ वा, श्लोक १ ते ३, आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

सोळाव्याच्या सुरुवातीला भगवंत दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगतात. पारायणात हा भाग आला की आपण माळेचे मणी ओढावेत तसे गुण ओढत पुढे जातो. पहिला मणी अभय. दुसऱ्या श्लोकात अहिंसा, सत्य, अक्रोध, त्याग, शांती असं करत एक शब्द येतो, अपैशुन. पैशुन म्हणजे चहाडी. एकाचं वर्म दुसऱ्याच्या हाती देणं. ते न करणं म्हणजे अपैशुन. आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द आहे दया.

हा क्रम मी तीसेक वर्षं वाचत आलो. शाळेत मास्तर होतो, निवृत्त झाल्यावर मंदिरात सकाळी दोन ओव्या सांगतो. पण दयेच्या आधी चहाडी न करण्याचा गुण का आला असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो कसा पडला ते आज लिहितो. लिहायला बरं वाटत नाही, पण चिंतन म्हणायचं आणि त्यातून स्वतःला वगळायचं, हे काही खरं नाही.

सहा-सात वर्षं झाली. कार्तिकाचे दिवस होते, काकडा चालू होता. आमच्या चकलांब्याकडे या दिवसांत गाव निम्मं होतं, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाला आम्ही हत्याराच्या नावानं मोजतो, आणि त्यात आम्हाला काही वाटत नाही.

तर पहाटे मंदिर उघडलं तेव्हा सभामंडपात खांबाआड एक पोरगं झोपलेलं. भजनाची सतरंजी अंगावर ओढून घेतलेली. वय सोळा, फार तर सतरा. मी उठवलं आणि आपल्याकडे जो प्रश्न पहिला विचारतात तोच विचारला. "कुनाचा रं तू?"

त्यानं गाव सांगितलं. बाप वारलेला, काकाकडे राहतो म्हणाला. काकानं याच्या नावानं अर्ध्या कोयत्याची उचल घेतली होती. त्याला दहावीला बसायचं होतं. काकाचं नाव सांगताना मात्र तो दोनदा थांबला. मग म्हणाला, "काकाला सांगू नका सर. मला तिकडं न्हाई जायचं." मी म्हणालो, "नाही सांगत, तू चहा घे." चहा दिला, आणि मंदिरामागं जाऊन त्या गावातल्या एका ओळखीच्याला फोन लावला. दुपारच्या आत दोन माणसं मोटारसायकलवर आली. त्याला मधे बसवलं. जाताना त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. शिव्या दिल्या नाहीत, रडला नाही.

त्या दिवशी हरिपाठ झाला तेव्हा मला फार समाधान होतं. चुकलेलं लेकरू घरी पोचवलं, याहून पुण्य ते काय! संध्याकाळी घरी सांगितलं, तर आमची मंडळी एवढंच म्हणाली, "तुम्ही त्याला नाही सांगत म्हणाला होता ना?"

संक्रांतीच्या सुमाराला कळलं की पोरगं टोळीबरोबर गेलं, आणि कारखान्याच्या तळावरून एका रात्री कुठंतरी निघून गेलं. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. मी चौकशी करायला लागलो तेव्हा लक्षात आलं की मला त्याचं नाव माहीत नाही. कुणाचा ते विचारलं होतं. नाव विचारलंच नव्हतं.

आता यात माझं काय चुकलं, याचा विचार मी बरेच दिवस केला. माझ्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. काका म्हणजे रक्ताचं माणूस. घरातलं भांडण घरात मिटावं. पोरं रागाच्या भरात निघतात, परीक्षेच्या निकालावरून, मोबाइलवरून, बापाच्या एका थपडेवरून, आणि चार दिवसांत घरच्या भाकरीची आठवण येते. अशी कितीतरी पोरं घरी परततात आणि तेच त्यांच्या भल्याचं असतं. मुंबईत रेल्वे स्टेशनांवर घर सोडून आलेल्या मुलांसाठी समतोल फाउंडेशन काम करतं. तेही मुलाला शक्यतो घरीच परत पोचवतात. पण ते मुलाला आधी काही दिवस ठेवून घेतात, बोलतं करतात, घरच्यांशी बोलतात, मग पोचवतात. मी हे सगळं एका फोनात उरकलं होतं.

त्या पोराला भीती कुणाची होती? ज्याची होती त्यालाच मी बोलावलं. आणि त्याला दया म्हटलं.

म्हणून मला वाटतं, श्लोकातला क्रम उगाच नाही. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याच्या दयेचं काय करायचं? मोकळ्या तोंडाची दया ज्याच्यावर होते त्यालाच जड जाते. हे माझं मत आहे, शास्त्रार्थ नव्हे. जाणत्यांनी वेगळं सांगितलं तर ऐकेन.

अभयावर माऊली म्हणतात त्याचा भाव असा की जो महापुरात उडी घालत नाही त्याला बुडण्याची भीती नसते. साधकाला हे बरोबर लागू पडतं. पण त्या पोरानं पुरात उडी घातली नव्हती. पूर त्याच्या घरात शिरला होता. अशाला स्वतःचं स्वतः अभय मिळवता येत नाही, ते दुसऱ्यानं द्यावं लागतं. अभयदान हा शब्द आपल्याकडे आहेच की. अन्नदानाच्या पावत्या आपण फाडतो, अभयदानाची पावती कुणी फाडलेली मी पाहिली नाही.

माऊली अभयाबद्दल बोलतात तेव्हा ते ऐकीव बोलत नाहीत, हे आपण विसरतो. चार भावंडांची कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता चमत्काराची कथा झाली आहे. जरा वयं बघा. परंपरेनं निवृत्तीनाथांचा जन्म १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा, सोपानदेवांचा १२७७ चा आणि मुक्ताईचा १२७९ चा मानतात. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं आणि ही चार लेकरं उघड्यावर पडली. मुंज होईना, भिक्षा मिळेना. मुक्ताई मांडे भाजायला खापर आणायला गेली तर विसोबांनी कुंभाराला ते देऊ दिलं नाही. लोक म्हणाले, शुद्धिपत्र आणा, मग बघू. ते आणायला चौघं आळंदीहून पैठणला गेले. पायी.

पैठण आम्हाला परकं नाही. गोदावरीपलीकडेच आहे, नाथषष्ठीला आमच्याकडून दिंड्या जातात. तिथं घाटावर उभं राहिलं की मला आता रेड्याच्या आधी त्या चार लेकरांची वयं आठवतात. तिथून ती नेवाशाला गेली, आणि शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये पंधरा वर्षांच्या मुलानं ज्ञानेश्वरी सांगितली. आज पंधरा वर्षांचं बेघर पोरगं मंदिरात झोपलेलं दिसलं तर आपण त्याला आधी चपला मोजायला उठवू.

"कुणाचा तू" हा प्रश्न तेव्हाही होता, आताही आहे. फक्त शुद्धिपत्राला आता दाखला म्हणतात. अमृता करवंदे यांची हकीकत वर्तमानपत्रांतून आली होती, पुष्कळांनी वाचली असेल. गोव्यातल्या अनाथाश्रमात त्या वाढल्या. अठरा पूर्ण झाल्यावर संस्था सोडावी लागते, तशी त्यांनी सोडली आणि पुणे गाठलं. पुण्यातली पहिली रात्र रेल्वे स्टेशनवर काढली. पुढे मिळेल ते काम करत शिकल्या, २०१७ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, गुण चांगले पडले, आणि गाडी दाखल्यापाशी अडली. ज्याला जातच माहीत नाही त्यानं कोणता दाखला आणायचा? त्या थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या. २०१८ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभी राहिलेली चार भावंडं आणि मंत्रालयात उभी राहिलेली ही मुलगी, यांच्यामध्ये सातशे वर्षं आहेत. मला ती फार वाटत नाहीत.

आमच्याच तालुक्यात, गेवराईला, संतोष गर्जे यांनी बालग्राम उभं केलं. बहीण गेली, तिची लेक पोरकी झाली, तिथून त्यांचं काम सुरू झालं, तेव्हा ते स्वतःच विशीच्या आसपासचे होते. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक नागरगोजे यांचं शांतिवन २००० सालापासून आहे, तिथं ऊसतोड कामगारांची, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलं शिकतात. या माणसांनी सोळावा अध्याय किती वेळा वाचला मला माहीत नाही. मी पुष्कळदा वाचला, आणि मंदिरामागं जाऊन फोन लावला.

बरं. आता अडचणीचा भाग. अपैशुन म्हणजे कुणालाच काही सांगायचं नाही का? तसं धरलं तर दुसरा अपराध होतो. बालन्याय कायदा २०१५ चा आहे. त्यात असं आहे की अठराच्या आतलं, पालकांपासून दुरावलेलं किंवा निराधार दिसणारं मूल कुणालाही सापडलं, तर चोवीस तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवायचं. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. म्हणजे गुपचूप घरात ठेवून घेणं हीसुद्धा सेवा नाही. त्यात मुलाला धोका आहे, मुलगी असेल तर जास्तच, आणि चांगल्या माणसालाही पुढे आपण चांगले होतो हे सिद्ध करत बसावं लागतं.

मग वचन काय द्यायचं? "कुणाला सांगू नका" म्हणणाऱ्या लेकराला मी "नाही सांगत" म्हणालो आणि सांगितलं, तिथं सत्यही गेलं आणि अपैशुनही. "नाही सांगत" म्हणून खरंच सांगितलं नाही, तर कायदा मोडतो आणि पोरगं माझ्या एकट्याच्या भरवशावर राहतं, जो भरवसा फार मोठा नाही. मला सापडलेली वाट एवढीच आहे : ज्याची तुला भीती आहे त्याला मी सांगणार नाही. पण ज्यांना सांगणं भाग आहे त्यांना सांगेन, आणि तुझ्यासमोर बसून सांगेन. तो यावर उठून जाईल ही भीती असते. असू द्या. खोट्यानं थांबवलेलं पोरगं थांबलेलं नसतंच.

१०९८ हा नंबर पाठ करून ठेवा. चोवीस तास, मोफत. ११२ वरही मदत मिळते. फोनवर सांगताना मूल कुठं आहे, वय अंदाजे किती, दुखापत आहे का, आणि भीती कुणाची आहे, हे सांगा. भीती कुणाची, हे नक्की सांगा, कारण ते सांगितलं नाही तर पुढचा माणूसही आधी घरचाच पत्ता शोधेल. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मूल कुठं राहील याचा निर्णय ते देतात, आणि त्यात मुलाचं म्हणणं ऐकायचं असतं. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, हेही त्याला सांगा. बहुतेक पोरं पोलीस म्हटलं की त्याच भीतीनं पळतात.

आणि कृपा करून फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. 'हा मुलगा सापडला आहे, ओळखत असल्यास पालकांना कळवा, शेअर करा.' आपण हात जोडल्याच्या चित्रासकट पुढे ढकलतो. तो मेसेज सगळ्यात आधी कुणाकडे पोचेल याचा विचार करा. हीच आजची पैशुनता, आणि ती आपण सकाळच्या अभंगाखालीच टाकतो.

एखादं तरुण लेकरू स्वतःच हे वाचत असेल तर त्याच्याशी दोन शब्द. निघायची वेळ खरंच आली असेल तर निघण्याआधी एका तरी माणसाला सांग, मावशी, शाळेतल्या बाई, मित्राची आई, कुणीही. आधारकार्ड, शाळेचा दाखला यांचे फोटो त्या माणसाकडे पाठवून ठेव. दाखल्याशिवाय किती दारं बंद होतात ते वर लिहिलंच आहे. स्टँडवर रात्र काढायची वेळ आली तर अंधाऱ्या फलाटावर झोपू नकोस, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीजवळ, उजेडात, बायामाणसं असतील तिथं बस. रेल्वे स्टेशनवर असशील तर रेल्वे पोलिसांकडे जा, नाहीतर १३९ लाव. २०२५ च्या सप्टेंबरात बीडला रेल्वे आली, आनंदाचीच गोष्ट, पण पोरांना निघून जायला आता आणखी एक रस्ता झाला. कुणी जेवण देऊन लगेच कामाचं बोलायला लागला, आधारकार्ड 'माझ्याकडे ठेव' म्हणाला, फोन मागितला, की उठ. उपकार केले म्हणून त्याच्याबरोबर गेलंच पाहिजे असं नसतं. वय लपवू नकोस. अठराच्या आतला आहेस हीच तुझी ढाल आहे. मुलगी असशील आणि लग्नाच्या भीतीनं निघाली असशील तर लग्नाच्या आधी १०९८ लाव, नंतर नव्हे. अठरा झाली असतील तर १८१ आहे, आणि सखी केंद्रात राहायची तात्पुरती सोय होते.

अठरा झालेल्या मुलग्यांना मात्र मी काय सांगू? मोठ्या शहरांत बेघरांसाठी रात्रनिवारे आहेत. संस्थेत वाढलेल्यांना अनुरक्षणाखाली एकविसाव्या वर्षापर्यंत आणि काही वेळा तेवीसपर्यंत आधार मिळू शकतो. पण जो कधी संस्थेत नव्हता आणि काल अठराचा झाला, त्याला कायदा म्हणतो की तू मोठा आहेस. जगात असं कुणाचं लेकरू वाढदिवसाच्या पहाटे मोठं होतं?

गेल्या कार्तिकात पुन्हा एक आला. मंदिरात नव्हे, एसटीच्या शेडमध्ये बसलेला, दोन दिवस. मी गेलो तेव्हा तो उठून उभा राहिला, पळायच्या तयारीत. माझ्या जिभेवर तोच प्रश्न आला होता. गिळला. "नाव काय तुझं?" म्हटलं. त्यानं सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

घरी आणलं नाही, मंदिराच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बसवलं. मंडळीनं ताट आणलं. मी मधेच काहीतरी विचारायला लागलो तर ती म्हणाली, "आधी जेवू द्या की त्याला." जेवण झाल्यावर मी वरचं सगळं त्याला सांगितलं, कुणाला सांगणार, कुणाला नाही. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "माझ्यासमोरच लावा फोन." स्पीकर चालू करून १०९८ लावला. बीडहून माणसं यायला संध्याकाळ झाली. साध्या कपड्यातले दोघं होते, त्यात एक बाई. तेवढ्या वेळात तो तीनदा उठून उभा राहिला आणि तीनदा बसला. गाडीत बसताना विचारलं, "त्यांना कळंल का मी कुठं हाय ते?" मी म्हणालो, "माझ्याकडून नाही."

आठवड्यानं त्याच्या घरचे एक गृहस्थ आले. ओळखीचेच आहेत, सप्त्याला वर्गणी देणारे. पोरगं कुठं ठेवलं म्हणाले. मी म्हटलं, बीडला बालकल्याण समितीपुढं जा, तिथं तुमचं म्हणणं सांगा. खूप बोलले. घरं फोडता म्हणाले, माळ घालून हे धंदे करता म्हणाले. मला उत्तर द्यायचं होतं, पण पोराच्या पाठीवर मी काय पाहिलं ते सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं, आणि ते माझं सांगायचं नव्हतं.

यंदा त्यांनी सप्त्याची वर्गणी दिली नाही. परवा बाजारात समोरून आले, तोंड फिरवून गेले. मी राम राम घातला.

राम कृष्ण हरी.